व्हॉट्सॲप चॅट, व्हॉइस नोट आणि डीव्हीआर फुटेज: कलम ६३ चं प्रमाणपत्र नेमकं कसं भरायचं?

जोडमोहर (धागाकर्ता)

वसुलीचा दिवाणी दावा, कनिष्ठ स्तर न्यायालय, दाखल फेब्रुवारी २०२५. वादी व्यापारी आहे. उधारी मान्य असल्याचं प्रतिवादीने व्हॉट्सॲपवर लिहिलंय. सोबत सही केलेल्या चलनांचे तीन फोटो आणि दोन व्हॉइस नोट आहेत. हे चॅट वादीच्या नव्हे, त्याच्या मुनिमाच्या फोनवर आहे. शिवाय वादीच्या गोदामातून माल उचलतानाचं डीव्हीआरमधलं (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रातलं) १४ मिनिटांचं फुटेज आहे.

दाव्यासोबत स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रिंट, एक सीडी आणि वादीच्या सहीचं '६५ ब' चं, म्हणजे १८७२ च्या जुन्या पुरावा कायद्याखालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडलं होतं. सरतपासाचं (आपल्याच साक्षीदाराच्या साक्षीचं) शपथपत्र दिल्यावर कागदांना निशाणी (पुराव्यातला क्रमांक) देण्याच्या वेळी समोरच्या वकिलांनी हरकत घेतली: कलम जुनं आहे, हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) नाही, तज्ज्ञाची सही नाही, आणि फोन वादीचा नाहीच. चारही मुद्दे खरे आहेत.

आता नवीन प्रमाणपत्र देता येईल का? नव्या नमुन्याच्या भाग 'ब' मधला तज्ज्ञ म्हणजे कोण? हॅश कशाचा काढायचा, प्रिंटचा की फाइलचा? जाणकारांनी पायऱ्या सांगाव्यात. 'चांगला वकील गाठा' हे उत्तर नको, विचारणारा वकीलच आहे.

---

कोर्टपायरी

आधी कलमाचं बघू. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्याच्या कलम १७० प्रमाणे त्या दिवशी प्रलंबित असलेल्या कामांनाच १८७२ चा कायदा चालतो. तुमचा दावा नंतरचा, म्हणून कलम ६३ आणि त्याच्या अनुसूचीतला नमुना. जुन्या ६५ ब मध्ये ठरावीक नमुना नव्हता, त्यामुळे जो तो आपल्या संगणकात पडलेला मसुदा नाव बदलून वापरायचा. ती सवय अजून गेलेली नाही. तुमच्या फायलीत तेच झालेलं दिसतंय.

नमुन्याचे दोन भाग आहेत. 'अ' हजर करणाऱ्याने भरायचा, 'ब' तज्ज्ञाने. दोन्हींत उपकरणाचा प्रकार, मेक, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), मग हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला ते, शेवटी तारीख, २४ तासांच्या घड्याळाची वेळ आणि ठिकाण. हॅशचा अहवाल सोबत जोडायचा. कलमात आणखी एक बारीक गोष्ट आहे: पुरावा ज्या ज्या वेळी दाखल कराल त्या प्रत्येक वेळी प्रमाणपत्र सोबत हवं. तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला एकदा जोडलं म्हणून पुढे साक्षीच्या वेळी भागेल असं धरू नका.

उशिराचं म्हणाल तर दार बंद झालेलं नाही. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालय, १४ जुलै २०२०. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतलं प्रकरण. उमेदवारी अर्ज दुपारी ३ नंतर घेतले गेले का, हा वाद होता आणि पुरावा निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओचा. प्रमाणपत्र मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. न्यायालयाने तीन गोष्टी पक्क्या केल्या: दुय्यम प्रतीला प्रमाणपत्र अनिवार्य, मूळ उपकरणच मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात आणलं तर गरज नाही, आणि ज्याच्या ताब्यात उपकरण आहे तो दाद देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून मागवता येतं. २०१४ च्या अन्वर निकालाची कडक बाजू कायम राहिली, २०१८ च्या शफी मोहम्मद निकालाने दिलेली प्रमाणपत्राशिवाय चालवून घेण्याची सूट गेली. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये टी. नसीर प्रकरणात खटल्याच्या बऱ्याच पुढच्या टप्प्यावर आलेलं प्रमाणपत्रही घेऊ दिलं गेलं.

हे सगळे निकाल जुन्या कायद्याखालचे आहेत, पण कलम ६३ चा गाभा तोच असल्याने युक्तिवादाला चालतात. हरकत निशाणीच्या वेळीच आली हे एका अर्थी बरं झालं. दोष दुरुस्त करण्यासारखा आहे आणि दुरुस्त करायला वेळ आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम १४(३) खाली परवानगीचा अर्ज द्या, नवीन कागदयादीसोबत दोन प्रमाणपत्रं जोडा. जुनं प्रमाणपत्र मागे घेत असल्याची पुरसिसही (न्यायालयाला लेखी निवेदन) द्या, नाहीतर उलटतपासात दोन्ही शेजारी ठेवून तुमच्या साक्षीदाराला घोळात घेतील.

दोन प्रमाणपत्रं अशासाठी की फोन मुनिमाचा आणि डीव्हीआर वादीचा. कलम ६३(४) मध्ये उपकरणाचा किंवा त्या कामाच्या व्यवस्थापनाचा प्रभार असलेली व्यक्ती सही करते. फोनचा भाग 'अ' मुनिमाने भरावा आणि त्याला साक्षीदारही करा. 'माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे' एवढं कलमाला पुरतं, त्याला संगणकशास्त्र यावं लागत नाही.

चलनांच्या फोटोंबद्दल वेगळं. मूळ कागद प्रतिवादीकडे असतील, तर तुमच्याकडे आहे ती त्या कागदाची दुय्यम, डिजिटल प्रत. कलम ६४ प्रमाणे मूळ हजर करण्याची नोटीस आधी द्या. प्रमाणपत्र फक्त इलेक्ट्रॉनिक बाजू सांभाळतं, कागदाची बाजू उघडीच राहते. हे फार जण विसरतात.

---

बिटकर

हॅशचं मी सांगतो. हॅश फाइलचा असतो, प्रिंटचा नाही. कागदाला हॅश नसतो. स्क्रीनशॉट वर्डमध्ये चिकटवून त्याची पीडीएफ करून त्या पीडीएफचा हॅश काढलेली प्रमाणपत्रं सर्रास दिसतात. तो हॅश खरा असतो, पण तुम्ही कार्यालयात बनवलेल्या पीडीएफचा. फोनमधल्या नोंदीशी त्याचा काहीच संबंध लागत नाही.

क्रम असा ठेवा.

१. फोन आधी सुरक्षित करा. त्या चॅटमध्ये 'गायब होणारे संदेश' चालू आहेत का बघा. २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस अशी मुदत असते. चालू असेल तर बंद करा. फोन रिसेट, विक्री, बदली, काही नको. बॅकअप नव्या फोनवर उतरवला की आयएमईआय बदलतो आणि प्रमाणपत्रात दोन उपकरणांची साखळी समजावत बसावं लागतं.

२. चॅटमधला प्रतिवादीचा संपर्क उघडून नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. एक्सपोर्टमध्ये नंबराऐवजी मुनिमाने सेव्ह केलेलं नाव येतं. 'शेठ नवीन' या नावाने कुणीही असू शकतं, आणि उलटतपासात हाच पहिला प्रश्न असतो.

३. 'एक्सपोर्ट चॅट', मीडियासह. एक झिप तयार होते: मजकुराची फाइल आणि फोटो, आवाज वगैरे. चॅट फार लांब असेल तर जुना भाग सुटू शकतो, म्हणून पहिला आणि शेवटचा संदेश मिळाला का ते तपासा. एक्सपोर्टच अडत असेल तर समोरच्याने 'ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' चालू केलेली असू शकते. २०२५ पासून ही सोय आली. मग मूळ फोन किंवा न्यायवैद्यक प्रत हेच मार्ग उरतात.

४. झिप व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवू नका. फोन यूएसबी केबलने संगणकाला जोडा, 'फाइल ट्रान्सफर' निवडा आणि कॉपी करा. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना आकुंचित करतं, आतली कॅमेऱ्याची माहितीही काढून टाकतं, म्हणजे हॅश बदलला. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर बहुधा टिकतो, पण त्या वादात पडायचंच कशाला? नाव बदलल्याने किंवा पेनड्राइव्हवर कॉपी केल्याने हॅश बदलत नाही. फाइल उघडून 'सेव्ह' दाबलं की बदलला.

५. हॅश: विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश' लिहून फाइलचा पत्ता दिला की एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश मिळतो. 'सर्टयूटिल' वापरणार असाल तर पद्धतीचं नाव स्वतः द्यावं लागतं. लिनक्सवर 'एसएचए२५६सम'. झिपचा एक हॅश काढाच, पण महत्त्वाच्या प्रत्येक फोटोचा आणि व्हॉइस नोटचा वेगळाही काढा. तीच झिप पुन्हा एक्सपोर्ट करून हॅश जुळवायला जाऊ नका. आतल्या वेळेच्या नोंदी बदलतात, नवे संदेश भरलेले असतात, हॅश वेगळाच येतो. एकदाच करा आणि तीच फाइल जपा.

अनुसूचीत एमडी५ आणि एसएचए-१ या जुन्या हॅश-पद्धतींचे पर्यायही छापलेत, म्हणून लोक खूण करतात. करू नका. एमडी५ ची टक्कर, म्हणजे दोन वेगळ्या फाइलना एकच हॅश, २००४ मध्येच दाखवली गेली. एसएचए-१ ची फेब्रुवारी २०१७ मध्ये. कायदा त्यांना नाकारत नाही, पण जाणकार वकील उलटतपासात अर्धा तास त्यावर घालवेल.

लांबी मोजा: एमडी५ ३२ अक्षरं, एसएचए-१ ४०, एसएचए-२५६ ६४. शून्य ते नऊ आणि इंग्रजी ए ते एफ, बस्स. लहान-मोठ्या लिपीने फरक पडत नाही. हॅश हाताने टाइप करू नका. आणि मराठी प्रमाणपत्रात युनिकोड नसलेला जुना फॉन्ट असेल तर चिकटवलेल्या हॅशची अक्षरं देवनागरी चिन्हांत बदलून भलतंच काही छापलं जातं. त्या ओळीचा फॉन्ट इंग्रजी करा आणि छापल्यावर अहवालाशी अक्षरन् अक्षर ताडून बघा.

एक खूण लक्षात ठेवा. एसएचए-२५६ 'ई३बी०सी४४२' असा सुरू झाला तर ती फाइल रिकामी आहे, शून्य बाइटची. अर्धवट कॉपी झालेल्या फुटेजबाबत हे घडतं आणि कोर्टात सीडी लावेपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही.

---

ओसरी

एवढा खटाटोप कशाला? वर म्हटलंयच, मूळ फोन पिंजऱ्यात नेला की प्रमाणपत्र लागत नाही. मुनीम फोन घेऊन उभा राहील, चॅट उघडून दाखवेल, झालं. शिवाय कलम ५७ च्या नव्या स्पष्टीकरणांनी 'प्राथमिक' पुराव्याची व्याप्ती वाढवलीय. योग्य ताब्यातून आलेली इलेक्ट्रॉनिक नोंद, वाद नसेल तर, प्राथमिकच.

---

कोर्टपायरी

'वाद नसेल तर' हे तीन शब्दच सगळं सांगतात. इथे वाद आहे. कलम ५७ आणि ६३ एकमेकांशी कसे जुळवायचे यावर युक्तिवाद करता येईल, पण कनिष्ठ न्यायालयात तुमची उधारी त्या प्रयोगावर टांगू नका.

फोन नेण्याचा मार्ग कायद्याने उत्तम आहे, व्यवहारात त्रासाचा. एकदा वस्तू म्हणून निशाणी पडली की फोन नाझरकडे (न्यायालयाच्या वस्तू सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) जमा राहू शकतो, मुनिमाच्या बँकेच्या ॲपसकट. पुढे अपिलापर्यंत बॅटरी फुगते, पासवर्ड विसरला जातो, आणि न्यायाधीशांना निकाल लिहिताना वाचायला काही तरी कागद लागतोच. दोन्ही करा: प्रमाणपत्रासह प्रत दाखल करा, आणि मुनिमाने उलटतपासाच्या दिवशी फोन खिशात ठेवावा. 'मूळ दाखवायला तयार आहे' हे वाक्य साक्षीत नोंदलं गेलं की हरकतीची धार बोथट होते.

संदेश वाचल्याच्या निळ्या खुणांबद्दल कुणी विचारण्याआधी: एक्सपोर्टच्या मजकुरात त्या येत नाहीत. संदेश दाबून धरला की 'माहिती'मध्ये पोहोचल्याची व वाचल्याची वेळ दिसते, त्याचा स्क्रीनशॉट वेगळा घ्या. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी क्रेडिट कार्ड थकबाकीच्या एका दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जात) व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस पोहोचली आणि उघडली गेली, हे त्या खुणांवरूनच मान्य केलं होतं. अर्थात समोरच्याने रीड रिसीट बंद ठेवली असेल तर निळं काही दिसणार नाही.

---

तिसरा डोळा

डीव्हीआरकडे कुणी वळलंच नाही. तिथेच सगळ्यात जास्त वाट लागते.

फुटेज अजून डीव्हीआरमध्ये आहे का, की फक्त सीडीवर? हार्डडिस्क भरली की यंत्र जुन्यावरच नवीन लिहितं. किती दिवसांत, हे कॅमेरे, दर्जा आणि डिस्कच्या आकारावर. आठवड्यात जाऊ शकतं, महिनाही टिकू शकतं. पुसलं गेलं असेल तर सीडी हाच तुमचा एकमेव धागा. मग ती कुणी, कधी, कोणत्या यंत्रावरून बनवली ते भाग 'अ' मध्ये आणि शपथपत्रात स्पष्ट लिहा. यंत्र समोर असल्यासारखं प्रमाणपत्र भरू नका.

फुटेज अजून असेल तर:

घड्याळ पहिलं. डीव्हीआरचा पडदा आणि नेटवर्कची वेळ दाखवणारा मोबाइल एकाच फोटोत घ्या. डीव्हीआर ११ मिनिटं पुढे असेल तर तसं लिहा. वेळ 'दुरुस्त' करून मग कॉपी काढण्याचा शहाणपणा करू नका, जुन्या रेकॉर्डिंगवरची वेळ त्याने बदलत नाही आणि यंत्राच्या नोंदींत मात्र गडबड दिसते. आतला बटण-सेल संपला की काही यंत्रांची तारीख वीज गेल्यावर मागच्याच कुठल्या तरी वर्षावर जाते, तेही तपासा.

मग कॉपी. पेनड्राइव्ह नवीन आणि रिकामा. बऱ्याच डीव्हीआरना फॅट३२ (पेनड्राइव्हची एक जुनी मांडणी) लागतं, त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही, म्हणून लांब फुटेजचे तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्याचा वेगळा हॅश. यंत्राच्या मूळ स्वरूपात कॉपी घ्या, सोबत त्याचा प्लेअरही. एमपी४ हवी असेल तर ती दुसरी प्रत. रूपांतर केलेल्या फाइलचा हॅश मूळ फाइलशी जुळणार नाही, ते आधीच लिहून ठेवा. कापाकापी नको. घटना १४ मिनिटांची असली तरी आधीची-नंतरची १० मिनिटं असू द्या, नाहीतर 'सोयीचा भाग कापला' हा आरोप ठरलेला.

हार्डडिस्क काढून विंडोजच्या संगणकाला कधीही जोडू नका. डीव्हीआरची मांडणी वेगळी असते, विंडोजला ती कळत नाही आणि ते 'डिस्क फॉरमॅट करा' असं विचारतं. कुणी तरी 'हो' दाबतं. डिस्क जपायचीच असेल तर यंत्र रीतसर बंद करून काढा, अनुक्रमांकाचा फोटो घ्या, पंचांसमोर पाकीटबंद करा आणि डीव्हीआरला दुसरी डिस्क लावा.

प्रमाणपत्रावर सही कॅमेरे बसवणाऱ्या एजन्सीच्या पोराची घेऊ नका. तो वर्षातून दोनदा देखभालीला येतो. यंत्र रोज ज्याच्या ताब्यात आहे त्याची घ्या.

---

जोडमोहर

डीव्हीआरमध्ये फुटेज शिल्लक आहे, डिस्क आजच काढून ठेवायला सांगतो. सर्वांचे आभार, पण तज्ज्ञाचा प्रश्न राहिलाच. आणि प्रतिवादीच्या कैफियतीत (लेखी उत्तरात) एक नवीन ओळ आहे: 'व्हॉइस नोटमधील आवाज माझा नसून कृत्रिम बुद्धिमत्तेने बनविलेला आहे.'

---

कोर्टपायरी

तज्ज्ञाबद्दल कायद्याचा मसुदा ढिला आहे, हे सरळ मान्य करू. कलम ६३(४) म्हणतं 'तज्ज्ञ', व्याख्या देत नाही. कलम ३९(२) मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९अ खालचा इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा परीक्षक आहे. पण ७९अ खाली केंद्र वा राज्य सरकारचे विभाग, संस्था किंवा यंत्रणाच अधिसूचित होतात. प्रत्येक उधारीच्या दाव्यातली झिप त्यांच्याकडे पाठवायची म्हटली तर खऱ्या गुन्ह्यांचं काम ठप्प होईल. कलम ३९(१) मधला 'विशेष कौशल्य असलेला' माणूस पुरेसा, असं म्हणायला जागा आहे, आणि दिवाणी कामात खासगी सायबर तज्ज्ञाकडून भाग 'ब' भरून घेतला जातो तो याच आधारावर. त्याची पदवी, प्रशिक्षण, अनुभव यांचं टिपण जोडा. पक्षकाराचा भाचा किंवा तुमच्या कार्यालयातला संगणकवाला नको. उलटतपासाला उभा राहील असाच माणूस घ्या.

तज्ज्ञाने हॅश स्वतः काढायला हवा. तुम्ही ईमेल केलेला आकडा उतरवून सही केली तर भाग 'ब' ला अर्थ नाही. मूळ फोन आणि डीव्हीआर त्याच्यासमोर ठेवून एकाच बैठकीत दोन्ही भाग भरा, म्हणजे आकडा आणि वेळ आपोआप जुळतात.

---

बिटकर

एआयच्या बचावाला हॅशने उत्तर देऊ नका. हॅश एवढंच सांगतो की काढल्या क्षणापासून फाइल बदललेली नाही. बनावट आवाजाचाही हॅश तितकाच शुद्ध निघतो.

व्हॉइस नोट ऑपस स्वरूपात असते, अँड्रॉइडवर 'व्हॉइस नोट्स' फोल्डरमध्ये 'पीटीटी', तारीख आणि क्रमांक अशा नावाने. ती फाइल तशीच घ्या. एमपी३ करून 'आवाज स्वच्छ' केलेली प्रत नको. आवाज आकुंचित असल्याने प्रयोगशाळेच्या तुलनेला मर्यादा येते, आणि तुलनेला प्रतिवादीचा नमुना लागतो, शक्यतो त्याच शब्दांचा.

---

कोर्टपायरी

आवाजाच्या नमुन्याची सक्ती हा फौजदारी बाजूचा अधिकार: २०१९ चा रितेश सिन्हा निकाल आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं) कलम ३४९. दिवाणीत आदेश २६ नियम १०अ खाली शास्त्रीय तपासणीसाठी आयुक्त नेमण्याचा अर्ज करा. नमुना द्यायला प्रतिवादी नाही म्हणाला तर त्याच्याविरुद्ध अनुमान काढावं, अशी विनंती त्याच अर्जात घाला. ध्वनिफितीच्या कसोट्या १९८५ च्या राम सिंग निकालातल्या: आवाज ओळखणारा साक्षीदार, अचूकता, फेरफार झाल्याची शक्यता नाकारणारा पुरावा, ऐकू येण्याजोगी स्पष्टता. आवाज ओळखायला मुनीम आहेच. दोन्ही व्हॉइस नोटचं शब्दशः लिप्यंतर टाइप करून द्या, अडखळणं आणि शिव्यांसकट. गाळलेला एक शब्दही ते शोधून काढतील.

पण तुमचा खरा जोर आवाजाच्या आगेमागे आहे. त्या व्हॉइस नोटनंतर त्याच नंबरावरून काय आलं? 'मंगळवारी थोडे टाकतो' असं आवाजात असेल आणि मंगळवारी त्याच्या खात्यातून यूपीआयने रक्कम आलेली असेल, तर एआयने बँकेतून पैसेही पाठवले का, हे त्यालाच विचारा. खातेउतारा बँकेच्या सहीशिक्क्याचा घ्या, १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याच्या कलम २अ च्या प्रमाणपत्रासह. ॲपमधून उतरवलेली पीडीएफ नको.

नंबर त्याचाच हे नाकारलं असेल तर मोबाइल कंपनीला आदेश १६ नियम ६ खाली समन्स काढून ग्राहक नोंदणीचा अर्ज मागवा. कॉल तपशील मागवू नका, व्हॉट्सॲपचे संदेश त्यात दिसत नाहीत. व्हॉट्सॲपकडे मजकूर मागणंही फुकट, एन्क्रिप्शनमुळे तो त्यांच्यापाशी वाचता येईल असा नसतो.

---

ओसरी

फोन खिशात ठेवायचा सल्ला पटला. फक्त त्या दिवशी चार्ज करून न्यायला सांगा, आणि मुनिमाच्या फोनवर त्याच चॅटमध्ये या दाव्याबद्दल मालकाशी केलेली चर्चा फॉरवर्ड झालेली नाही ना, तेही आधी बघून घ्या. पुसायला सांगू नका, माहीत असू द्या.